खाऱ्या हवेतले फेडर: आधी पाणी, मग स्प्रे

साऊंड मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ, खरखरायला लागला की हात आपोआप स्प्रेच्या डब्याकडे जातो. नळी फटीत घालायची, फुस्स करायचं, फेडर चार वेळा वर-खाली करायचा, की खरखर गेली. महिनाभरात ती परत येते, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त. पुण्यात किंवा नागपुरात हा उपाय बराच टिकतो. कोकणात टिकत नाही, कारण इथल्या फेडरमध्ये धुळीच्या आणि काजळीच्या जोडीला मीठ असतं. ते स्प्रेने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येही ते जवळजवळ विरघळतच नाही. मीठ विरघळतं पाण्यात. एवढी एक गोष्ट धरून काम केलं तर वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कुठल्याही स्टुडिओतला किंवा साऊंड सर्व्हिसच्या मांगरात पडलेला जुना अ‍ॅनालॉग मिक्सर पुन्हा नीट बोलता होतो.

हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तेच फेडरच्या आत घडतं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वर असते, आणि इतर महिन्यांतही पहाटे ती वर जाते. रात्री ट्रॅकवर (फेडरमधली रोधाची लांब पट्टी), रिव्हेटवर, वायपरच्या (त्या पट्टीवरून सरकणाऱ्या धातूच्या संपर्काच्या) बोटांवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर येतो, दुपारी तो सुकतो. दर फेऱ्याला धातू थोडा थोडा खाल्ला जातो. अल्कोहोलने पुसलं की तेल आणि मळ निघतो, ओल उडून जाते आणि फेडर गप्प होतो. मीठ मात्र जागच्या जागी असतं, फक्त सुकलेलं. पुढच्या दमट रात्री ते पुन्हा कामाला लागतं.

मिठाखेरीज इथे आणखी दोन शत्रू आहेत. खाडीकाठच्या गावांत ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा जो कुजका वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याने चांदीचा मुलामा असलेले संपर्क काळे पडतात, आणि हा काळेपणा पाण्याने जात नाही. तिथे डीऑक्सिट डी5 सारखा संपर्क साफ करणारा स्प्रे लागतोच. त्याची खरी जागा स्विच, जॅक, पॅचबे (जोडण्या बदलायचा जॅकचा फलक) आणि कनेक्टरच्या पिना ही आहे. दुसरा शत्रू जांभ्याची तांबडी धूळ. ती बारीक आणि खरवडणारी असते. शिमग्याला नि विसर्जनाला मिक्सर बाहेर गेला असेल तर तिच्यात गुलालही मिसळलेला असतो. ही धूळ आत असताना कुठलाही द्रव सोडलात की तिचा लगदा होतो आणि तो वायपरखाली घासत राहतो. म्हणून पहिलं काम नेहमी कोरडं: मऊ ब्रश, कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर आणि बाजूला व्हॅक्यूमची नळी. गॅरेजमधल्या कंप्रेसरची हवा मारू नका. पावसाळ्यात त्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि हवेबरोबर तेलही येतं.

खोलण्याआधी तपासा

खरखरणारा प्रत्येक फेडर खराब नसतो, आणि खराब नसलेला फेडर खोलणं म्हणजे त्याचं आयुष्य उगाच कमी करणं.

आधी सगळे इनपुट मोकळे ठेवा, मॉनिटरचा आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि संशयित फेडर हळूहळू सरकवा. काहीच वाजत नसताना खरखर येत असेल तर बहुधा फेडरवर डीसी, म्हणजे बॅटरीसारखं एकाच दिशेचं, व्होल्टेज चढलं आहे. मल्टिमीटर 200 मिलिव्होल्ट डीसीवर लावा. काळी प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब आधी ट्रॅकच्या वरच्या टोकाला आणि मग वायपरच्या पायाला. दोन-तीन मिलिव्होल्ट दिसले तर चिंता नाही. दहाच्या वर आकडा गेला तर फेडर कितीही धुवा, आवाज थांबणार नाही. वरच्या टोकाला डीसी असेल तर फेडरच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय. वरचं टोक स्वच्छ आणि फक्त वायपरवर डीसी असेल तर तो पुढच्या टप्प्याकडून येतोय. तीस-चाळीस वर्षांच्या मिक्सरमध्ये हे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सहसा 10 ते 47 मायक्रोफॅरडचे असतात. नवीन घालताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, मूळ व्होल्टेजइतका किंवा जास्त, आणि 105 अंश तापमान सोसणारा घ्या. ध्रुव उलटे लागणार नाहीत याकडे लक्ष द्या.

याच प्रकारातला एक दोष हल्ली वरचेवर दिसतो. आवाज सुधारतो म्हणून सिग्नल वाढवणारा टीएल072 आयसी काढून त्या जागी एनई5532 बसवतात. टीएल072 च्या इनपुटला लागणारा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये असतो, म्हणजे नगण्य. 5532 चा साधारण 200 नॅनोअँपिअर असतो, आणि कंपनीच्या माहितीपत्रकानुसार तो 800 पर्यंत जाऊ शकतो. वायपर आणि आयसी यांच्यामध्ये कपॅसिटर नसेल तर हा करंट थेट वायपरमधून वाहतो. वायपर सरकताना संपर्काचा रोध बदलतो, त्याबरोबर डीसी उड्या मारतो आणि खरखर येते. आयसी बदलल्यापासून सगळेच फेडर एकदम खरखरायला लागले असतील तर मळाचा संशय सोडा. जुना आयसी परत घाला, किंवा मध्ये कपॅसिटर टाका आणि त्याच्यापुढे आयसीच्या इनपुटवरून ग्राउंडला रेझिस्टर द्या. तो रेझिस्टर विसरलात तर आयसीला बायस मिळणार नाही.

काही न वाजता फेडर शांत असेल तर 1 किलोहर्ट्झचा टोन सोडा. मोबाइलवरचं टोन जनरेटर अ‍ॅपही चालतं. फेडर सावकाश सरकवताना टोन कुठेही, अनियमितपणे तुटत असेल तर मळ किंवा मीठ. दर वेळी त्याच एका जागी तुटत असेल तर ट्रॅक झिजला आहे. बहुतेक ही जागा शून्य डीबीच्या आसपास असते, कारण फेडर सगळ्यात जास्त तिथेच हलतो.

तिसरी तपासणी तळाची. फेडर पूर्ण खाली आणला तरी मागे बारीक आवाज ऐकू येतो, अशी तक्रार किनाऱ्यावर फार ऐकू येते. मिक्सर बंद करून, फेडर तळाला ठेवून वायपर आणि ग्राउंडचा पाय यांच्यातला रोध मोजा. प्रोबांचा स्वतःचा अर्धा-पाव ओहम वजा करा. 10 किलोओहमच्या फेडरला तळाशी 50 ओहम उरले तर आवाज फक्त 46 डेसिबल खाली जातो, म्हणजे शांत खोलीत तो सहज ऐकू येतो. दोष असतो ट्रॅकच्या टोकाला पाय जोडणाऱ्या रिव्हेटमध्ये. त्याच्या कडेला हिरवट-पांढरी बुरी दिसते. तीच खाऱ्या गंजाची खूण.

ट्रॅकची झीज पाहायला डिजिटलपेक्षा काट्याचा जुना मल्टिमीटर चांगला. फेडर सरकवताना काटा सलग चढला पाहिजे. जिथे तो क्षणभर पडतो तिथे ट्रॅक गेलेला असतो. डिजिटल मीटर तेवढ्यात आकडाच बदलत नाही.

खोलणं आणि धुणं

मिक्सर प्लगमधून काढा आणि वीजपुरवठ्यातले मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्या. फेडरच्या टोप्या सरळ वर ओढून निघतात. खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि तशी टोपी पुन्हा मिळत नाही. टोपीखालून सुती नाडी सरकवून दोन्ही टोकं एकदम वर ओढली की ती बिनबोभाट निघते. वायरींचे फोटो काढून ठेवा. फेडर सर्किट बोर्डावर सोल्डर केलेला असेल तर आयर्न 320 अंशांच्या आसपास ठेवा आणि एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. तपकिरी फिनॉलिक बोर्डावरची तांब्याची पट्टी फार लवकर सुटते.

आता ट्रॅक कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. स्वस्त नि मध्यम मिक्सरमध्ये, आणि 1979 च्या टीॲक पोर्टास्टुडिओ 144 पासून पुढे आलेल्या कॅसेटवाल्या मशीनांमध्ये, सहसा फिनॉलिक पट्टीवर छापलेली कार्बन फिल्म असते. पट्टीची कड तपकिरी आणि कागदासारखी दिसते, ट्रॅक मंद काळा असतो. मोठ्या कन्सोलमध्ये पेनी अँड गाइल्ससारखे कंडक्टिव्ह प्लास्टिकचे फेडर असतात. त्यांचा ट्रॅक गुळगुळीत आणि चकचकीत काळा, वायपरला मौल्यवान धातूच्या अनेक बारीक बोटांचा गुच्छ, आणि सरकणारा भाग स्टीलच्या दोन दांड्यांवर धावतो. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल या दोन्हींपैकी कुठल्याही ट्रॅकला लावायचं नाही.

प्लास्टिक ट्रॅकचा फेडर धुणं सोपं आहे. कव्हर स्क्रूवर किंवा खाचेत बसवलेलं असतं; ते काढलं की ट्रॅक दिसतो. वाटीत 50 मिलिलीटर डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका. मऊ ब्रशने ट्रॅक आणि दांड्या धुवा. वायपरच्या बोटांना ब्रश फक्त त्यांच्या लांबीच्या दिशेने लावा. आडवा फिरला की बोट वाकतं, आणि वाकलेलं बोट पुन्हा त्याच दाबावर आणणं जवळजवळ अशक्य. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळा, दर वेळी 20 मिलिलीटर ताजं पाणी.

किती वेळा खळबळायचं हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी आरओ दुरुस्तीवाले वापरतात तो टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, घ्या. आधी ताज्या पाण्याचं रीडिंग घ्या; ते 5 पीपीएमच्या आसपास असावं. मग फेडर खळबळलेल्या पाण्याचं घ्या. किनाऱ्यावरच्या फेडरचं पहिलं पाणी बघता बघता वर उडी मारतं. रीडिंग ताज्या पाण्यापेक्षा पाच-दहापेक्षा जास्त राहिलं नाही की मीठ निघालं असं धरायला हरकत नाही. हा पेन स्वस्त आहे आणि अंदाजाच्या जागी आकडा देतो; फेडर धुणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत तो असायलाच हवा.

डिस्टिल्ड पाणी म्हणजे गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी. शेजारीच बॅटरीचं अ‍ॅसिडही तसल्याच कॅनमध्ये विकायला असतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. विहिरीचं पाणी नको, समुद्राजवळच्या विहिरींत क्षार असतातच. आरओचंही नको. 24 चॅनेलच्या मिक्सरला पाच लिटरचा एक कॅन भरपूर होतो.

कार्बन फिल्मवाल्या फेडरला जास्त जपावं लागतं. त्याची खालची पट्टी पाणी शोषते, म्हणून तो बुडवायचा नाही. पत्र्याच्या चौकटीचे कान बारीक स्क्रूड्रायव्हरने लागतील तेवढेच उघडा. दोन-तीनदा वाकवलेला कान तुटतो, म्हणजे हा फेडर आयुष्यात फार वेळा खोलता येत नाही. फोमचा बोळा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पिळून घ्या आणि ट्रॅकवरून एकाच दिशेने, वजन न देता ओढा. दर ओढीला बोळ्याची नवी बाजू. कापसाच्या काड्या नकोत, त्यांचे धागे वायपरखाली अडकतात. बोळ्यावर थोडा काळा रंग येणारच, तो झिजलेला कार्बन. पण दहाव्या ओढीलाही तितकाच गडद येत राहिला तर फिल्म सुटते आहे. तिथेच थांबा. धातूच्या पट्टीवर डाग असेल तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने चालतो. कार्बनवर खोडरबर कधीच नाही. तुटलेल्या ट्रॅकवर पेन्सिलचं ग्रॅफाइट घासण्याचा सल्लाही ऐकू नका. त्याने फेडरचा चढ बदलतो आणि काही दिवसांत ती भुकटी वायपरखाली गोळा होते.

पाण्यानंतर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एका फेडरला साधारण 5 मिलिलीटर. त्याचं काम इथे पाणी बाहेर काढण्याचं आहे. औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं घेऊ नका, त्यात उरलेलं सगळं पाणीच असतं. मग सुकवणं. झाकणाला भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात तारेचा 40 वॅटचा बल्ब लावा आणि आत 45 अंशांच्या आसपास ऊब ठेवा. प्लास्टिक ट्रॅकला दोन-तीन तास पुरतात, फिनॉलिकला सहा. एलईडी बल्ब चालत नाही, तो एवढी ऊब देत नाही. हेअर ड्रायरची हवा एका जागी फार तापते आणि प्लास्टिकचे भाग वाकवते. मेच्या उन्हातही ठेवू नका.

वंगण

धुतलेला फेडर कोरडा, खरखरीत लागतो. तसाच चढवलात तर वायपर ट्रॅक खरवडत राहील. ट्रॅकवर वंगणाचा अगदी पातळ थर हवाच. त्यासाठी डीऑक्सिट फेडर एफ5 हे बनवलेलं आहे. केलूब हे त्याचंच जुनं नाव. उघड्या ट्रॅकवर अर्ध्या सेकंदाची एक फुंकर, फेडर वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि उरलेलं फोमने टिपून घ्या. जास्त घातलं तर फायदा नाही, धूळ मात्र धरते. दांड्यांसाठी वेगळं वंगण: फडक्यावर शिवणमशीनच्या तेलाचा एक थेंब घ्या, दांडी पुसा, मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. ट्रॅकवर हे तेल जाता कामा नये. आल्प्ससारख्या फेडरमध्ये कडेला जाडसर ग्रीस असतं आणि त्यामुळेच फेडर मऊ, जड चालतो. ते पिवळं पडून घट्ट झालं असेल तर अल्कोहोलने काढा आणि मोहरीएवढं नवं डॅम्पिंग ग्रीस लावा.

डब्ल्यूडी-40 चा साधा डबा आणि सीआरसी 2-26 दोन्ही गावोगाव मिळतात आणि दोन्ही आपापल्या जागी उत्तम. फेडरमध्ये मात्र ते तेलाचा थर मागे ठेवतात आणि तांबडी धूळ त्यात रुतते. सिलिकॉन स्प्रे त्याहून वाईट, तो पसरत पसरत शेजारच्या स्विचच्या संपर्कांपर्यंत जातो. खोबरेल तेल तर कधीच नको. ते 24 अंशांच्या खाली गोठतं. थंडीच्या पहाटे फेडर जागीच धरतो, आणि पुढे तेल खवट होऊन चिकट राळ बनते.

रेडिओच्या जुन्या कन्सोलमधल्या फेडरांना तळाशी एक छोटा मायक्रोस्विच असतो, फेडर उचलताच टर्नटेबल किंवा टेप सुरू करणारा. धुताना त्यात पाणी जाऊ देऊ नका. व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणाऱ्या) कन्सोलमध्ये फेडरमधून आवाज जातच नाही, फक्त नियंत्रणाचं डीसी जातं. त्यामुळे वरची डीसीची तपासणी तिथे लावू नका. धुण्याची रीत मात्र तीच.

आगोटीच्या आधी

हे सगळं काम दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांत उरकावं. पावसात खोललेला फेडर सुकवून बंद करेपर्यंत पुन्हा ओल धरतो. मिरगाच्या आधी फक्त बंदोबस्त करायचा. मिक्सरवर ताडपत्री किंवा प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते आणि बुरशी येते. जाड सुती चादर बरी. पेटीत ठेवणार असाल तर पेटी घट्ट बंद होणारी हवी आणि आत अर्धा किलो सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे पडले, किंवा निळे गुलाबी झाले, की 120 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवून परत वापरा. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मात्र नको, विशेषतः निळे दाणे, त्यांत कोबाल्ट असतं. आठवड्यातून एकदा मिक्सर दोन तास चालू ठेवा आणि प्रत्येक फेडर वीस वेळा पूर्ण वर-खाली करा. आतल्या उबेने ओल जाते, वायपरखालचा थर खरवडला जातो, कपॅसिटरही जिवंत राहतात. जूनपासून हात न लावलेला मिक्सर गणपतीत थेट मंडपात नेला की जी खरखर येते, ती बरीचशी या दोन तासांनी टळते.

एसी असलेल्या स्टुडिओला आणखी एक पथ्य. बाहेर 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना दवबिंदू 27 अंशांच्या आसपास असतो. 23 अंशांच्या खोलीतून मिक्सर थेट बाहेर काढलात तर त्याच्या प्रत्येक धातूवर घाम सुटतो, फेडरच्या आतसुद्धा. नेण्याआधी एसी बंद करून, पेटी न उघडता, तासभर मिक्सर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

ट्रॅकच झिजला असेल तर फेडर बदलण्याखेरीज इलाज नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाण्याआधी जुना फेडर मोजून घ्या: सरकण्याची लांबी 60 की 100 मिलिमीटर, बसवण्याच्या स्क्रूंमधलं अंतर, टोपी बसते त्या दांडीची रुंदी आणि जाडी, पायांची जागा, मोनो की स्टीरिओ. फेडरवरच्या अक्षरावर विसंबू नका. जपानी भागांवर ए म्हणजे लॉग (रोध आधी हळू, मग झपाट्याने वाढणारा) आणि बी म्हणजे लिनियर (सारखा वाढणारा), पण काही युरोपीय भागांवर ए म्हणजे लिनियर असतो. खात्री मीटरने करा: फेडर बरोबर मध्यावर ठेवून ग्राउंडच्या पायापासून वायपरपर्यंतचा रोध मोजा. एकूणच्या निम्मा आला तर लिनियर, दहा ते वीस टक्के आला तर लॉग. नवा फेडर सोल्डर केल्यावर पायांभोवतीचा फ्लक्स (सोल्डरमधला राळेसारखा पदार्थ) अल्कोहोलने पूर्ण काढा. चिकट फ्लक्स तसाच राहिला तर मीठ आणि ओल दोन्ही तो धरून ठेवतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात पायांच्या मुळाशी हिरवं दिसायला लागतं.